कॅनडात गांजा कायदेशीर झाल्यावर अपघातात जखमी होणारे वाढले का?

ऐरोलीची_आई

नमस्कार. माझा मुलगा 20 वर्षांचा आहे, जानेवारीपासून ब्रॅम्प्टनला शिकतोय. चार मुलं एका बेसमेंटमध्ये राहतात, चौघांत एक जुनी गाडी आहे आणि तिच्यावर आळीपाळीने फूड डिलिव्हरी करतात. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना मागून एक जण किल्ल्या उचलून गेला. मी विचारलं, हा कुठे निघाला? तर म्हणाला, "डिलिव्हरीला. आत्ताच दम मारलाय त्याने, पण मारला की उलट हळू चालवतो. इथे लीगल आहे आई, दारूसारखं नसतं ते."

मी फोन ठेवला आणि मला काही सुचेना. कारण सांगते. 2016 साली माझे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवर घणसोलीजवळ बाइकवर होते. मागून टेम्पोने उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड अजून आत आहे. पावसाळ्यात जिना चढताना आजही दोन्ही हातांनी कठडा धरतात. ड्रायव्हरची दारूची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. टेम्पोवरचा क्लीनर मात्र नंतर आम्हाला म्हणाला की नाक्यावर दोघांनी चिलीम ओढली होती. ते कुठल्याच कागदावर आलं नाही.

त्यामुळे मला नीट समजून घ्यायचंय. जिथे कायदेशीर केलं तिथे माणसं जास्त जखमी व्हायला लागली की कमी? कृपया "मुलाला परत बोलवा" असं कुणी लिहू नका.

खारघर_रायडर

ताई, घाबरू नका. अमेरिकेत गांजा कायदेशीर करणारी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन ही दोन राज्यं पहिली. तिथल्या पहिल्या तीन वर्षांचा अभ्यास 2017 मध्ये आला. अपघाती मृत्यूंचं प्रमाण त्यांच्यासारख्याच इतर राज्यांच्या तुलनेत काही वेगळं निघालं नाही. कॅनडात ऑक्टोबर 2018 ला कायदा लागू झाला, त्यानंतर ऑन्टारिओ आणि अल्बर्टात अपघातात जखमी होऊन इमर्जन्सीत येणाऱ्या चालकांची संख्या तपासली, तिथेही ठळक वाढ दिसली नाही.

आणि रक्तात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) सापडलं म्हणजे माणूस त्या क्षणी नशेत होता असंही नाही. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते दुसऱ्या दिवशीही थोडं सापडतं. रस्त्यावर खरा घात दारू करते.

नाइट_ड्युटी_सिस्टर

रायडरभाऊंनी सांगितलेलं खोटं नाही, पण ताईंना त्यावर सोडून देऊ नका. मी ठाण्यात 14 वर्षं कॅज्युअल्टीत आहे, घोडबंदर रोडच्या केसेस रात्री आमच्याकडेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत नंतर पाच राज्यांचा एकत्र हिशोब झाला, 2022 मध्ये छापून आला. जखमी करणाऱ्या अपघातांचं प्रमाण सरासरी जवळपास 6 टक्क्यांनी वाढलं, मृत्यू होणाऱ्या अपघातांचं 4 टक्क्यांनी. पण जखमी करणाऱ्या अपघातांत राज्याराज्यांत फरक बघा: कोलोरॅडोत 18 टक्के वाढ, कॅलिफोर्नियात 6 आणि नेव्हाडात चक्क 7 टक्के घट. म्हणजे कायदा आला की सगळीकडे सारखंच होतं असं नाही. कोलोरॅडोच्या हॉस्पिटल भरतीचा वेगळा अभ्यास झाला, त्यात गाडीच्या अपघातांमुळे भरती होणारे 10 टक्क्यांनी वाढले होते, एकूण भरती मात्र वाढली नव्हती.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. अपघातात जखमी होऊन आलेल्या ज्या चालकांचं रक्त उपचारासाठी काढलंच होतं, त्यातलं उरलेलं रक्त तपासलं. चार हजारांवर चालक. कायद्याआधी 9.2 टक्क्यांच्या रक्तात टीएचसी सापडत होतं, कायद्यानंतर 17.9 टक्क्यांच्या. रायडरभाऊंचा मुद्दा धरून फक्त जास्त प्रमाण असलेले मोजले, मिलीलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या वर, तरी 1.1 चे 3.5 टक्के झाले. हे सगळंच शिळं उरलेलं टीएचसी म्हणून सोडून देता येत नाही. गांजामुळेच अपघात झाले हे यातून सिद्ध होत नाही, पण ओढून स्टिअरिंगवर बसणारे वाढले हे स्पष्ट आहे.

ऑन्टारिओचा आकडाही सांगते, कारण मुलगा तिथेच आहे. 2010 ते 2021 मध्ये अपघातात जखमी होऊन इमर्जन्सीत आलेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास केसेसमध्ये गांजाची नोंद फक्त 426 वेळा झाली, दारूची साडेसात हजारांवर. गांजाचं प्रमाण त्या काळात पाचपटीहून वाढलं, तरी मुळात इतकं कमी. का? कारण नोंद तेव्हाच होते जेव्हा कुणाला शंका येते.

आता आमच्याकडचं. रात्री दोनला पेशंट येतो, एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करायची असते. आम्ही तोंडाजवळ वाकतो आणि दारूचा वास आहे की नाही ते लिहितो. गेल्या वर्षी एक मुलगा आला, तेवीस-चोवीसचा, गायमुखच्या उतारावर दुभाजकाला धडकलेला. दारूचा वास नव्हता. डोळे लाल, ओठ इतके सुके की दर मिनिटाला पाणी मागत होता, आणि मनगट उलटं वळलेलं असताना शांतपणे मला विचारत होता, "सिस्टर, मी किती वेळ झाला इथे आहे?" येऊन दहा मिनिटं झाली होती. त्याला दोन तास वाटत होते. वेळेचा अंदाज हा असा जातो. पुढची गाडी किती सेकंदांत अंगावर येईल हा अंदाजही त्याच डोक्याने करायचा असतो. (डोक्याला मार लागला की असंच होतं म्हणून आधी सीटी केला. नॉर्मल आला. मग त्याने गांजा ओढल्याचं मित्राने सांगितलं.) त्याच्या कागदावर "दारूचा वास नाही" एवढंच गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये अमली पदार्थही आहेत, पण आकड्यातली मर्यादा दारूलाच आहे, 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. म्हणून ताई, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत जे झालं त्याचं मला नवल नाही वाटलं. फार वाईट वाटलं.

"हळू चालवतो" हे खरं असतं. दारू प्यायलेला स्वतःला शहाणा समजतो, ओढलेल्याला आपण नशेत आहोत हे बरेचदा कळतं आणि तो वेग कमी करतो. पण लेन धरता येत नाही, आणि अचानक काही समोर आलं की ब्रेकवर पाय उशिरा जातो. त्यात एक बिअर पडली तर तो सावधपणाही जातो. दोन्ही एकत्र हे सगळ्यात वाईट.

परत_ठाण्यात

सिस्टरनी रस्त्याचं सांगितलं. मी घरातलं सांगतो, कारण बेसमेंटमध्ये चार मुलं आणि एक फ्रिज म्हटल्यावर मला तेच आठवलं.

आम्ही ऑरोरा, कोलोरॅडोला होतो, 2021 ला वर्तकनगरला परतलो. तिथे असताना एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. किचनच्या खणात गांजा घातलेल्या गमीजचं (मऊ गोड गोळ्यांचं) पाकीट होतं, तिने दोन खाल्ल्या. कुणाला कळलंच नाही, कारण तासभर काहीच होत नाही. परतताना कारसीटमध्ये तिची मान लुळी पडली. हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. रात्रभर हॉस्पिटलात मॉनिटर लावून ठेवली होती. बायको तिचा पाय हातात धरून बसली होती, सोडायलाच तयार नव्हती. सकाळी सातला तिने दूध मागितलं.

अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी असं खाल्ल्याच्या नोंदी 2017 मध्ये 207 होत्या, 2021 मध्ये 3,054 झाल्या. कोलोरॅडोने तर 2017 मध्येच प्राणी आणि फळांच्या आकाराच्या गमीज बंद केल्या होत्या. चौकोनी गमी मुलाला गोळीसारखीच दिसते.

मोठ्यांचंही तेच. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काही जाणवत नाही, म्हणून माणूस अजून एक खातो नाहीतर गाडी काढतो. असर बारा तासही राहतो. मुलाला सांगा, घरातल्या कुठल्याही उघड्या पाकिटातलं काही तोंडात टाकून डिलिव्हरीला जायचं नाही.

खारघर_रायडर

सिस्टर, ब्रिटिश कोलंबियाचं मला माहीत नव्हतं. मान्य. तरी माझं मत आहे की पकडून आत टाकण्यापेक्षा कायदेशीर करून मोजलेलं बरं. मोजलं म्हणून तर हे आकडे आपल्याला मिळाले.

नाइट_ड्युटी_सिस्टर

मोजण्याबद्दल शंभर टक्के. आमच्या फॉर्ममध्ये आधी एक रकाना येऊ दे. ताई, अजून एक: ऑन्टारिओत 21 वर्षं आणि त्याखालच्या चालकांना, आणि जी-टू (पूर्ण लायसन्सच्या आधीच्या टप्प्याचं) लायसन्सवाल्यांना कुठल्याही वयात, गांजाची मर्यादा शून्य आहे. पोलीस लाळेची तपासणी करतात. पहिल्यांदा सापडला तरी काही दिवस लायसन्स जातं. ओढणं "लीगल" असेल, ओढून गाडी चालवणं नाही, आणि तुमच्या मुलाला तर थोडंही नाही.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोन केला. ओरडले नाही. आधी बाबांच्या पायाचा एक्स-रे पाठवला, तो त्याने लहानपणी पाहिला होता पण विसरला होता. मग 9.2 आणि 17.9 सांगितलं, गमीजचं सांगितलं, आणि जी-टूचं सांगितलं. जी-टूचं त्याला माहीत नव्हतं, त्याचं लायसन्स तेच आहे. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गाडीचा इन्शुरन्स कुणाच्या नावावर आहे ते बघतो, बहुतेक माझ्याच.

आज सकाळी मेसेज आलाय: गाडीची एक किल्ली त्याने स्वतःकडे घेतली आहे, दुसरी अजून त्या मुलाकडे आहे. तिच्याबद्दल आज रात्री चौघं बसून बोलणार आहेत. मिस्टर म्हणतात त्या वेळी मला कॉलवर घ्या.