शब्दचर्चा : ‘कर्मचारी धारणा’ला आपल्याकडं काय म्हणावं?

विचारणा (आर्णी, जि. यवतमाळ)

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं छोटं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. दिवाळीनंतर रेचे (सरकी काढायची यंत्रं) सुरू होतात आणि हंगाम ऐन भरात असताना माणसं निघून जातात. ती राहावीत म्हणून संचालक मंडळ एक पत्रक काढणार आहे. सल्लागारानं दिलेल्या मसुद्यात ‘कर्मचारी अनुभव’, ‘कर्मचारी धारणा’ (म्हणजे माणसं कामावर टिकणं) आणि ‘उत्पादकता’ असे तीन शब्द आहेत. हजेरीच्या वेळी वाचून दाखवला, तर पहिल्याच ओळीला सरकी भरणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या, “मले तं अनुभव नाही, मंग काढता का मले?” कोशातले शब्द आम्हीही पाहिले. बोलण्यातले सांगा.

उत्तर (हिंगणघाट)

ताई, त्या बाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरीच्या बोलण्यात ‘अनुभव’ म्हणजे आधी केलेल्या कामाची वर्षं. जाहिरातीत ‘अनुभव 2 वर्षे’ असतं तोच. कामाच्या जागी माणसाला कसं वाटतं, हा अर्थ त्यात शिरतच नाही. त्यासाठी आपल्याकडं ‘करमणे’ आहे. “तिथं करमते का तुले?” हे माहेरी आलेल्या पोरीला विचारतात, वसतिगृहातल्या पोराला विचारतात आणि नव्या कामावर लागलेल्यालाही विचारतात. सोबत कशी आहे, बोलणं कसं आहे, डबा खायला जागा आहे का, सगळं त्यात येतं.

‘धारणा’ मात्र काढूनच टाका. धारणा म्हणजे समजूत, नाहीतर ध्यानाच्या जोडीची धारणा, नाहीतर जमीनधारणा. ‘कर्मचारी धारणा’ वाचलं की माणूस सातबाऱ्यावर चढवल्यासारखा वाटतो. ‘टिकणे’ साधा आणि पुरेसा आहे. त्यातही ‘माणसं टिकवणे’ असं न लिहिता ‘माणसं टिकावीत म्हणून’ असं लिहा. टिकायचं की नाही हे माणूस ठरवतो.

जुना व्यवहार आठवा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याचं, साल पाडव्याला ठरायचं. त्याआधी कास्तकार विचारायचा, “पुढच्या साली राहतं का?” पैसे, धान्य, कपडे, सगळं त्याच बैठकीत बोललं जायचं. कुठं कुठं अजूनही होतं. वर्षातून एकदा समोरासमोर बसून असं विचारणं मोठमोठ्या कंपन्यांनीही करावं असं आहे.

उत्तर (अकोट)

भाऊ, ‘टिकणे’ मान्य. पण सालदारकीचं उदाहरण पत्रकाजवळ आणू नका. साल ठरताना उचल दिली जायची, ती फिटायची नाही, आणि पुढच्या साली माणूस तिथंच असायचा. तो टिकला नव्हता, अडकला होता. वेठबिगारीविरुद्ध 1976 मध्ये केंद्राला कायदा करावा लागला तो अशाच व्यवहारांमुळं. आज काही ठिकाणी उचलीची जागा बॉण्डनं, म्हणजे ठरावीक मुदत काम न सोडण्याच्या लेखी करारानं, घेतली आहे. माझ्या धाकट्या भावाची मूळ मार्कशीट एका कंपनीनं ठेवून घेतली होती. दुसरीकडं काम लागलं, तरी कागद हाती नाही म्हणून त्याला जाता आलं नाही. त्या कंपनीच्या वहीत तोही ‘टिकलेला’च असेल. म्हणून ‘बांधून ठेवणे’, ‘धरून ठेवणे’ ही क्रियापदं पत्रकात कुठंच नकोत.

उत्तर (हिंगणघाट)

पटलं. आणि ‘पटणे’वरूनच पुढचं सांगतो, कारण खरी चर्चा इथं आहे. काम सोडणाऱ्याला “काहून सोडलं?” विचारा. “जमलं नाही” हे उत्तर झाकून घेण्याचं असतं. थोडं थांबलात तर चारपैकी एक शब्द येतो. ‘पुरत नाही’ आला तर मजुरीचं बोला. ‘झेपत नाही’ म्हणजे गठाणी उचलण्याचं काम अंगाबाहेर जातंय, किंवा रात्रीची जागरणं होतायत. ‘पटत नाही’ हे जवळजवळ नेहमी मुकादमाबद्दल असतं, पण नाव कोणी घेत नाही. ‘करमत नाही’ म्हणणारा बहुधा परगावचा, एकटा असतो. चारही दुखणी वेगळी. तुमच्या दिवाणजींनी वहीत ‘सोडून गेला’ एवढंच न लिहिता हा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवला, तर एका हंगामात कळेल कुठं दुरुस्ती करायची.

उत्तर (वर्धा)

‘उत्पादकता’ आपल्या गावात हेक्टरी असते, कपाशीची किंवा तुरीची. माणसाच्या कामाला ‘उरक’. “तिच्या कामाले उरक आहे” ही शाबासकी आहे. पण पत्रकात ‘उरक वाढवा’ असा हुकूम लिहू नका. रेच्याजवळ रुईचे तंतू नाकातोंडात जात असतील, प्यायला पाणी लांब असेल, तर उरक येणार कुठून?

हे आपल्या विदर्भाला नवं नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिथं हवा खेळती आणि दमट ठेवण्याची सोय केली, 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये आला. कायद्याची सक्ती नसताना ही सोय झाली होती, हे तुमच्या संचालक मंडळाला जरूर सांगा.

जाता जाता, मसुद्यात ‘उपदान’ आणि ‘भविष्य निर्वाह निधी’ असेल तर बदला. गावात ‘उपदान’ वाचून लोकांना ‘अनुदान’ वाटतं आणि ते तलाठ्याकडं चौकशी करतात. ‘ग्रॅच्युइटी’ आणि ‘फंड’ लिहा. “फंड कापते का?” असंच सगळे विचारतात.

विचारणा करणाऱ्या ताई

सर्वांचे आभार. आता सुरुवात अशी केली आहे : “इथं काम करताना तुम्हाला करमावं, मजुरी पुरावी, काम झेपावं आणि मुकादमाशी पटावं, यासाठी कंपनी पुढील गोष्टी करणार आहे.” खाली पाणी, तोंडाला बांधायचे मास्क, मजुरीचा ठरलेला वार आणि मुकादमाची तक्रार कोणाकडं करायची ते लिहिलं आहे. तक्रारीसाठी मंडळातल्या एका बाईंचं नाव देणार आहोत.

एकच अडलं आहे. ‘पाळी बदलून मिळेल’ हे वाक्य वाचताना बायका एकमेकींकडं पाहतात.

उत्तर (वर्धा)

तिथं ‘शिफ्ट’च लिहा, ताई. बायका-पुरुष सगळे तोच शब्द वापरतात. ‘रात्रपाळी’ चालेल, त्यात घोटाळा होत नाही. आणि त्या दिवसांत गठाणीचं काम बदलून देणार असाल, तर ते वेगळ्या वाक्यात स्पष्ट लिहा. विचारायला बायका संकोचतात, लिहिलेलं असलं की मागता येतं.