कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बार उडाला, सोबत टीव्ही आणि वायफायही गेलं. नवीन आणून लावू का? (मदत हवी आहे)

पानजुळणी:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, अहवाल, अधूनमधून एखादं स्मरणिकेचं काम. काल संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारं भरपूर होतं. मी पेजमेकरमध्ये पान लावत बसले होते. लाईट दोनतीनदा लपकली, मग डोक्यावरचा पंखा एकाएकी जोरात गरगरायला लागला. देवघरातला जुना पिवळा बल्ब लख्ख पांढरा झाला. मी खुर्चीतून उठतेय तोच सीपीयूच्या मागून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला, निळसर ठिणगी दिसली आणि त्या खोलीची एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच) पडली. पाठोपाठ धूर. वास इतका उग्र, थोडासा सुकटीसारखा, की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत आल्या.

मी मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या. धूर बसल्यावर बोर्डातली पिन काढली. मागच्या जाळीतून चंदेरी फॉइलचे बारीक तुकडे आणि कागदाचा भुसा बाहेर आलाय. टेबलावर तपकिरी चिकट थेंबही उडालेत. स्पाइक बस्टर (झटके अडवणारा प्लगबोर्ड) एका बाजूने काळा पडला आहे. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा अॅडाप्टर, दोन्ही गेले. फ्रिज स्टॅबिलायझरवर आहे, तो वाचलेला दिसतो. गंमत म्हणजे समोरच्या काकूंकडे त्याच वेळी दिवे अगदी मंद झाले होते म्हणे, त्यांचं काहीच जळलं नाही.

मशीन जुनं आहे, विंडोज ७. हार्ड डिस्क एक टीबीची, साडेतीन इंची. श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) लॉक, म्हणजे ते चालायला लागणारी यूएसबी किल्ली, मागच्या यूएसबीला लावलेलं होतं, माझा जीव त्यात जास्त अडकलाय. दुकानदार म्हणतो, "ताई, साताठशेचा एसएमपीएस टाका, लगेच चालू होईल." टाकू का? डिस्कमधल्या फायली गेल्या असतील का? एका ग्राहकाच्या पत्रिकेची छपाई याच आठवड्यात आहे, म्हणून घाई आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

खाडाखोड:

आधी एक विचारतो. एसएमपीएसच्या मागे पिनेजवळ लाल सरकबटण आहे का, ११५/२३० लिहिलेलं? घरात लहान मुलं असतील तर ते सरकवलेलं असतं. ११५ वर ठेवून आपली २३० ची लाईट दिली की आत दुप्पट होते आणि नेमका असाच बार उडतो. आमच्या भाच्याने केला होता हा पराक्रम.

पानजुळणी:

लाल बटण आहे, पण २३० वरच आहे, आत्ता बघितलं. आणि मशीन दुपारपासून चालूच होतं.

खाडाखोड:

मग ते नव्हे. ११५ वर असतं तर चालू करताक्षणीच उडालं असतं, दुपारभर कशाला थांबेल.

बिनधास्त_बंडू:

एसएमपीएस खोला, आत काचेचा फ्यूज असतो, तो बदला. पन्नास रुपयांत काम. नवीन कशाला घेताय?

जुना_वायरमन:

बंडूशेठ, असले सल्ले देऊ नका. ताई, तो डबा अजिबात खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट साठलेले असतात. पिन काढल्यावर ते सावकाश उतरायला आत रेझिस्टर असतात खरे, पण एवढ्या दणक्यानंतर ते शाबूत असतील असं धरून चालू नये. एक कपॅसिटर फुटला असला तरी शेजारचा भरलेला असू शकतो. आणि फ्यूज उगाच उडत नाही, पुढचे डायोड नाहीतर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर उडतो. नवा फ्यूज घालून चालू केलात तर दुसरा बार.

आता मुद्द्याचं. मूळ बिघाड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, तुमच्या लाईनचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला आहे किंवा खांबावर ढिला झाला आहे. पंखा जोरात, पिवळा बल्ब पांढरा आणि समोरच्या घरी दिवे मंद, हे तिन्ही एकाच वेळी झालं की दुसरं काही शोधायलाच नको. खांबावरून तीन फेज (करंट आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल जातो. तुम्ही एका फेजवर, काकू दुसऱ्या फेजवर. न्यूट्रल धड आहे तोवर प्रत्येकाला २३० मिळतात. तो सुटला की दोन घरं दोन फेजच्या मध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात, आणि दोन फेजमध्ये असतात ४०० च्या आसपास. ज्या बाजूला लोड जास्त तिकडे व्होल्ट पडतात, ज्या बाजूला कमी तिकडे चढतात. काकूंकडे गीझर किंवा मोटर चालू असणार, त्याचा भुर्दंड तुमच्या बाजूला बसला.

हिशोब बघा. २३० एसी म्हणजे लाटेच्या शिखराला ३२५. जुन्या एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ असतात, म्हणजे सोसण्याची हद्द ४००. लाईन नुसती ३५० झाली तरी शिखर ४९५ वर जातं. कपॅसिटर फुगतो, वरच्या खाचेतून फाटतो. ते चंदेरी तुकडे त्याच्याच पोटातले. स्पाइक बस्टर क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, चढलेलं व्होल्टेज मिनिटभर राहिलं तर तो स्वतःच जळतो. एमसीबीला व्होल्टेज कळतच नाही. आत शॉर्ट झाला, करंट वाढला, तेव्हा ती पडली.

म्हणून दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. न्यूट्रल ढिलाच राहिला आणि तुम्ही नवा एसएमपीएस लावलात तर तोही जाईल, या वेळी कदाचित मदरबोर्ड घेऊन. १९१२ ला (वीज कंपनीची हेल्पलाइन) तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. खांबावर किंवा मीटरच्या कटआउटला घरच्या कोणी हात लावायचा नाही. दुरुस्ती झाल्यावर वायरमनकडून प्लगमध्ये मीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २२० ते २४५ मध्ये हवेत, न्यूट्रल-अर्थ दोनतीन व्होल्टच्या वर नकोत. हे वेगवेगळ्या वेळी बघा, संध्याकाळी लोड असताना तर नक्कीच.

आणखी एक, कॅबिनेटला हात लावला की कधी झिणझिण्या यायच्या का?

पानजुळणी:

हो! अनवाणी असले की यायच्या. मला वाटायचं सगळ्याच कॉम्प्युटरला येतात.

जुना_वायरमन:

सगळ्यांना येत नाहीत. तिसऱ्या पिनेला अर्थिंगच पोचत नाहीये तुमच्याकडे. जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, तिसऱ्यामागे वायरच नसते. एसएमपीएस थोडी गळती बॉडीवर सोडतोच, अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या हातातून. वायरमन येईल तेव्हा हेही करून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवा.

डिस्कवाली_मेधा:

ताई, डिस्कबद्दल मी सांगते. बहुतेक वाचली असेल. एसएमपीएसमध्ये २३० ची बाजू आणि १२-५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. पहिली बाजू फुटली की दुसरी साधारणपणे नुसती बंद पडते. साधारणपणे म्हणतेय, कारण स्वस्तातल्या डब्यांची खात्री कोणी देऊ नये.

तरी डिस्क थेट नव्या एसएमपीएसवर चढवू नका. आधी बाहेर काढा आणि खालच्या हिरव्या पाटीचा (सर्किट बोर्डाचा) वास घ्या. खरंच, नाक लावून. करपट वास किंवा काळा ठिपका असेल तर कशालाच जोडू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. तशीच दुसरी डिस्क आणून पाटी बदलायचे व्हिडिओ दिसतील, त्या नादी लागू नका. पाटीवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते, ती चिप न हलवता पाटी बदलून काम होत नाही.

वास नसेल तर यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडायचं उपकरण) घ्या, पण स्वतंत्र १२ व्होल्टचा अॅडाप्टर असलेला, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. कोणाच्या तरी लॅपटॉपला लावा, आधी कामाच्या फायली उतरवा, मग बाकीच्या. टकटक आवाज आला तर लगेच बंद. लॉकही त्याच लॅपटॉपला लावून दिवा लागतो का बघा.

पानजुळणी:

वायरमनदादा, मेधाताई, तुमचे उपकार. आज लाईनमन येऊन गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर न्यूट्रलचा जोड जळून लोंबत होता. नवा बसवला. घरच्या वायरमनने मीटर लावलं, २३४ आले. अर्थिंगची वायर खरोखरच नव्हती, त्याचं काम उद्या.

डिस्कला वास नव्हता. भावाच्या लॅपटॉपला डॉकवर लावली, फिरली, फोल्डर दिसले! पत्रिका आधी उतरवली. लॉकचा दिवा लागला, त्यातलं तेवढंच कळतंय मला. आता एसएमपीएस कुठला घेऊ?

डिस्कवाली_मेधा:

लॉक चाललं, हे ऐकून मलाच हुश्श झालं. एसएमपीएस १००-२४० व्होल्ट लिहिलेला घ्या, ते लाल बटणच नसतं त्याला. साताठशेचा "४५० वॅट" नको, लेबलावरच्या १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघून घ्या. सुट्ट्या केबलींचा असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबली वापरा. दुसऱ्या मॉडेलच्या बसतात छान, पण तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क तिथेच जाते. पहिल्यांदा चालू करताना डिस्क लावू नका, नुसता बोर्ड चालू होतो का बघा.

जुना_वायरमन:

आणि डीबीत (घराच्या मेन स्विचबोर्डात) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्ट चढले की तो घराची लाईन तोडतो, परत ठीक झाले की थोड्या वेळाने जोडतो. एवढी अडचण त्यानेच टळते, एमसीबीने नाही.

नुकसानीचा अर्ज करणार असाल तर गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून करा. कोणाचं काय जळलं त्याची यादी, तक्रार क्रमांक, दुरुस्तीवाल्याचा लेखी शेरा. कार्यालयात दाद लागली नाही तर विद्युत कायदा २००३ खालचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

पानजुळणी:

आमच्या बाजूच्या फेजवर आणखी दोन घरं आहेत, त्यांचेही टीव्ही गेलेत. अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टाइप मीच करते सगळ्यांसाठी.

जुना_वायरमन:

रात्री पाठवतो. तोवर जळकी एसएमपीएस, स्पाइक बस्टर, अॅडाप्टर भंगारात देऊ नका. पंचनाम्याला कोणी आलं तर वस्तू समोर लागतात. आणि लाईनमनने काढलेल्या जळक्या जोडाचा फोटो कोणी काढलाय का ते गल्लीत विचारा.