शब्दचर्चा: बकीपेपर म्हणजे कागद, पत्रा की पटल?

विचारणा: कार्बन नॅनोनलिकांपासून (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांपासून) बनणाऱ्या वीजवाहक बकीपेपरसाठी ‘वाहक पत्रा’ हा शब्द वाचला. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. पत्रा लाटून काढतात, हा गाळून बनतो. १०० मिलि पाण्यात १ ग्रॅम ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) आणि ५० मिग्रॅ बहुभित्ती नलिका (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) घ्या. भांडं बर्फात ठेवून अल्ट्रासोनिक प्रोबने (ध्वनिकंपनं देणाऱ्या दांडीने) अर्धा तास, थांबत थांबत हलवा. मग ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन पडद्यातून निर्वात पंपाने गाळा. खाली फेस येणं थांबेपर्यंत पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. दोन गाळणकागदांत दाबून वाळवा आणि हलकेच सोलून घ्या. हातकागदाची रीत हीच: लगदा, चाळणी, दाब. म्हणून ‘नलिका-कागद’ म्हणा. ‘पटल’ हा शब्द काचेवर फवारलेल्या थरासाठी ठेवावा, कारण तो आधाराशिवाय टिकत नाही.

(‘बकी’ आलं ते बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून. १९८५ साली राईस विद्यापीठात सापडलेल्या सी-६० या ६० कार्बन अणूंच्या रेणूला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि त्याच घराण्यातल्या नलिकांच्या कागदालाही ते चिकटलं.)

विचारणा: त्या काळ्या पाण्याला ‘द्रावण’ म्हणावं का?

उत्तर: नको. नलिका विरघळत नाहीत, नुसत्या विखुरतात, ‘विखुरण’ म्हणा. द्रावण समजून ते ठेवून दिलं तर गुठळ्या धरतात, आणि गुठळीपाशीच कागद वाळताना तडकतो. उलट जास्त वेळ हलवलं की नलिका तुटून आखूड होतात, एकमेकींत गुंतत नाहीत आणि कागद सोलताना भुगा होतो. धुणं अपुरं राहिलं तर साबण नलिकांच्या सांध्यांत बसून रोध वाढवतो.

भर: अशा कागदाचा वीजरोध ‘पृष्ठरोध’ म्हणून ‘ओहम प्रति चौरस’मध्ये सांगतात. या ‘ओहम प्रति चौरस’चं ‘ओहम प्रति चौरस सेंटीमीटर’ करू नका, ही चूक फार दिसते. इथे चौरस हा आकार आहे, एकक नव्हे. १ सेंमी रुंद, ३ सेंमी लांब पट्टी म्हणजे ओळीने ३ चौरस. पृष्ठरोध ५ असेल तर टोकापासून टोकापर्यंत १५ ओहम. ३ मिमी रुंद, ९ मिमी लांब पट्टीतही १५च. ‘रोधकता’ (लांबी-रुंदी-जाडीवर न अवलंबणारा, पदार्थाचा स्वतःचा गुण) हवी असेल तर पृष्ठरोधाला जाडीने गुणा. वरच्या ५० मिग्रॅचा १० चौसेंमी कागद झाला आणि घनता ०.५ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली, तर जाडी १०० मायक्रॉन येते. म्हणजे ५ ओहमला ०.०५ ओहम-सेंमी.

विचारणा: मग ‘पृष्ठरोध’ऐवजी ‘चौरसरोध’च का नको?

उत्तर: चालेल, उलट जास्त नेमका आहे. ‘पृष्ठरोध’ वाचून वीज फक्त वरच्या अंगाने वाहते असा समज होतो. ती तर सगळ्या जाडीतून वाहते.