गव्हाच्या बिअरचा फेस एअरलॉकमध्ये चढला. वर जागा किती ठेवावी?

प्रश्न (फोंडा)
२० लिटरच्या प्लास्टिकच्या भांड्यात गव्हाच्या बिअरचे १८ लिटर वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा) भरून काल संध्याकाळी यीस्ट घातले. आज सकाळी तपकिरी फेस एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेत) शिरला असून बुडबुडे थांबले आहेत, झाकण मात्र फुगलेले दिसते. खोलीचे तापमान ३० अंश आहे. आता काय करावे? आणि पुढच्या वेळी अधिक जागा ठेवली, तर आतल्या हवेने बिअर बिघडणार नाही ना?

उत्तर (म्हापसा)
किण्वन थांबलेले नाही, वायूची वाट बुजली आहे. चेहरा दूर ठेवून, वर कापड धरून एअरलॉक सावकाश सैल करा; उशीर केल्यास झाकण उडून फेस छताला लागतो. त्या छिद्रात बसेल ती सर्वांत रुंद नळी निर्जंतुक करून लावा, कारण बारीक नळीत हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा अडकतो. नळीचे दुसरे टोक भांड्यापेक्षा खाली ठेवलेल्या बादलीतील निर्जंतुक द्रावणात बुडवा, म्हणजे पुढे वर्ट गार झाले तरी बादलीतले पाणी आत ओढले जाणार नाही.

उत्तर (मडगाव)
नळीने आजचे संकट टळेल, पण मूळ दुखणे उष्णतेचे आहे. यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करते, त्यामुळे खोलीत ३० अंश असताना वर्ट त्याहूनही गरम असते. किण्वन अनावर होते, फेस वाढतो आणि चवीला उग्र अल्कोहोल तयार होतात. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत ओले फडके गुंडाळून फारसे साधत नाही. भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या बाटल्या बदलत राहणे बरे. गव्हातील प्रथिनांमुळे हा फेस चिवट असतो, म्हणून २० लिटरच्या भांड्यात १५ लिटरच्या वर जाऊ नये.

प्रश्नकर्ता
नळी लावली, फेस बादलीत उतरतो आहे. त्याबरोबर यीस्टही वाहून जात असेल का?

उत्तर (पणजी)
थोडे जाते, पण काम करणारे भरपूर यीस्ट द्रवातच असते. फेसाबरोबर हॉप्सचा कडवट राळेसारखा अंशही निघतो, त्याचे दुःख नको.

हवेबद्दल म्हणाल, तर सुरुवातीचा ऑक्सिजन वाढीसाठी यीस्टच वापरते आणि उरलेली हवा कार्बन डायऑक्साइड बाहेर ढकलतो. मोकळ्या जागेची खरी चिंता किण्वन संपल्यावर बिअर दुसऱ्या भांड्यात काढताना करावी. तिथे भांडे जवळपास गळ्यापर्यंत भरलेले हवे. काजूचा रस आपल्याकडे उघड्या भांड्यांत आंबतो तो पुढे भट्टीत जातो म्हणून, बिअरला ती सूट नाही.

मोठे भांडे मिळत नसेल, तर सिमेथिकोनचे (पोटातील वायूवर देतात त्या फेस मोडणाऱ्या औषधाचे) काही थेंब फेस दाबतात. ते यीस्टबरोबर बरेचसे तळाशी बसतात, त्यामुळे ग्लासातला फेस सहसा जात नाही.