घरच्या बर्गरवर तुम्ही काय घालता? अनुभव सांगा

पुण्याहून, धाग्याची सुरुवात म्हणून

माझा पहिला बर्गर फसला होता, तेव्हा आरंभ तिथूनच करतो. बोकडाच्या खिम्यात अंडे, ब्रेडचा चुरा, आले-लसूण आणि मीठ घालून मी तो कणकेसारखा मळला. तव्यावरून उतरलेली टिक्की चवीला शामी कबाबाची आणि चावायला रबराची निघाली. मीठ घालून मळले की मांसातली प्रथिने विरघळून एकमेकांना घट्ट धरतात, सॉसेजला हे हवेच असते पण बर्गरला मारक ठरते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आता मी खिम्याला हात जेमतेम लावतो, टिक्की पावापेक्षा थोडी रुंद थापतो, मधोमध अंगठ्याने खळगा करतो (नाहीतर कडा आकसून मधला भाग फुगतो) आणि मीठ फक्त बाहेरून, तव्यावर टाकण्याच्या क्षणी भुरभुरतो.

दुसरी गोष्ट चरबीची. अमेरिकेत बर्गरसाठी ८० भाग मांसाला २० भाग चरबी असा गोमांसाचा खिमा सर्रास वापरतात. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाच्या मांसाचा प्रश्नच उरलेला नाही आणि बोकडाचे मांस फार कमी चरबीचे, म्हणून खाटकाकडून खांद्याच्या ४०० ग्रॅम मांसात १०० ग्रॅम चरबी घालून खिमा जाडसर काढून आणतो. मात्र मटणाची चरबी निवताच टाळूला चिकटते, तिला तोडायला काहीतरी आंबट लागते. मी वर मेथांबा घालतो. कैरीचा आंबटपणा, गूळ आणि मेथीची किंचित कडसर चव यांपुढे टोमॅटो केचपची आठवणही होत नाही. फक्त पाक पळीवाढा न ठेवता आटवून घट्ट करावा लागतो. आपण काय घालता, काय बिघडले आणि कसे सुधारले, हे सविस्तर लिहावे.

अल्बुकर्कीहून

न्यू मेक्सिकोत हिरव्या मिरचीचा चीजबर्गर हा जवळपास राज्याचा अभिमान आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुकानांबाहेर जाळीच्या मोठ्या पिंपांत मिरच्या गॅसच्या ज्वाळेवर फिरवत भाजतात आणि तो वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येतो. आम्ही गोणभर मिरच्या भाजून आणतो, भरताच्या वांग्यासारखी त्यांची साल काढतो आणि पिशव्या भरून वर्षभरासाठी गोठवून ठेवतो. पहिल्या वर्षी मी गोठवलेली मिरची तशीच टिक्कीवर घातली आणि तिच्या पाण्याने पावाचा खालचा अर्धा भाग हातातच विरला. आता मिरची पिळून चिरते, लसणीबरोबर दोन मिनिटे परतते, टिक्कीवर पसरते आणि तिच्यावर चीजचा काप ठेवून झाकण घालते, म्हणजे वितळलेले चीज मिरचीला जागच्या जागी बांधून ठेवते. सासूबाईंनी एकदा या मिरचीऐवजी ठेचा सुचवला होता. चव उत्तम लागली, पण ठेच्यापुढे मांसाला आवाज उरला नाही.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियात ‘विथ द लॉट’ असा बर्गर मागितला की त्यात बीट, तळलेले अंडे, बेकन आणि पुष्कळदा अननस असतो. बीटचे नाव ऐकून मी नाक मुरडले होते. ते डब्यातले, व्हिनेगरमध्ये मुरलेले काप असतात आणि त्यांचा गोडसर आंबटपणा वर मेथांब्याविषयी जे लिहिले आहे तेच काम करतो. घरी हे काप कागदावर कोरडे करून लेट्यूसच्या पानावर ठेवावेत, अन्यथा पाव गुलाबी होतो. अननसाबाबत माझा एक धडा आहे. मांस मऊ होईल या आशेने मी ताज्या अननसाचा कीस खिम्यात मिसळून तासभर ठेवला आणि त्यातल्या ब्रोमेलेन नावाच्या विकराने खिम्याचे पिठले करून टाकले. उष्णतेने हा विकर निष्क्रिय होतो, म्हणून चकती तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजून, वाढण्याच्या वेळीच वर ठेवावी.

मिनियापोलिसहून

आमच्याकडे वर काही घालण्यापेक्षा आत घालतात. दोन पातळ टिक्क्यांमध्ये चीज ठेवून कडा दाबून मिटवायच्या. हा ‘ज्यूसी लूसी’ आमचाच शोध, असा शहरातल्या दोन बारांचा जुना दावा आहे. घरी माझ्या पहिल्या चारांपैकी तीन फुटले, आणि न फुटलेल्याचा मी लगेच घास घेतल्यामुळे आठवडाभर जीभ सोललेली होती. पाच मिनिटे थांबावे.

नाशिकहून

मी चिकनचे बर्गर करते. खिम्यात जंतू पृष्ठभागावर न राहता आतपर्यंत मिसळले जातात, त्यामुळे अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेनुसार गोमांस, डुक्कर, बकरी यांचा खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि चिकन ७४ अंशांपर्यंत शिजवावे लागते. अंदाजाने शिजवताना मी भीतीपोटी नेहमीच जास्त शिजवत असे. थर्मामीटर आणल्यापासून टिक्की कोरडी होत नाही. खिम्यात गोठवलेले लोणी किसून घालते, वर कुरकुरीत तळलेली भेंडी.

मडगावहून

पुण्याच्या लेखकमहाशयांचा मिठाचा नियम मला पाळता येत नाही, कारण मी डुकराच्या खिम्याच्या तीन भागांना एक भाग गोव्याचे सॉसेज आतडे सोलून घालतो आणि त्यात मीठ, व्हिनेगर, मिरची सगळे आधीच मुरलेले असते. टिक्की त्यामुळे किंचित घट्ट होते, परंतु सॉसेजची लाल चरबी तव्यावर सुटते आणि त्याच चरबीत मी चिरलेली पोई (गोव्याचा पाव) शेकतो. कोंड्याची ही पोई आतून पोकळ असल्यामुळे रस बाहेर ओघळत नाही. बर्गरच्या मऊ पावापेक्षा ती मला कितीतरी सोयीची वाटते. वर किसमूर: भाजलेली सुकी सुंगटे (कोळंबी), ओले खोबरे, कांदा, तिखट, थोडी चिंच. किसमूर आधी कालवून ठेवले तर कांद्याला पाणी सुटून सुंगटे मऊ पडतात, म्हणून टिक्की तव्यावरून उतरवून झाकून ठेवतो आणि तेवढ्या वेळात कालवतो. मुलगी मात्र टिक्की बाजूला सारून पोईत नुसते किसमूर भरून खाते.