मदत हवी आहे: प्रौढ एडीएचडी, एका कामातून दुसऱ्या कामावर जाता येत नाही

एडीएचडीचं (लक्ष आणि आवेग सांभाळणं अवघड करणारी मेंदूची स्थिती) निदान प्रौढ वयात झालंय, मेथिलफेनिडेट (त्यावरचं औषध) चालू आहे. गोळीने लक्ष टिकतं, काम सुरू करणंही पूर्वीपेक्षा सोपं झालंय. अडतं ते काम सोडताना. एकदा एखाद्या गोष्टीत शिरलं की जास्त तातडीचं काम समोर दिसत असूनही तिकडे जाता येत नाही. अक्षरशः कळतं पण वळत नाही.

फोनचा गजर लावून पाहिला; तो लक्षात यायच्या आत हाताने बंद झालेला असतो. पोमोडोरोही (२५ मिनिटं काम, मग छोटा ब्रेक) केलं, पण २५ मिनिटांनी उठलं की परत सूर लागत नाही, म्हणजे माझ्यासाठी तोटाच जास्त. व्हिडिओ कॉलवर कुणी सोबत काम करत बसलं तर खरंच फरक पडतो. रोज असं माणूस कुठून आणायचं?

झोप आणि थायरॉईड ठीक आहे. डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, तो विषय इथे नको. काम घरून आणि एकट्याने, मीटिंगच्या वेळा अनिश्चित, त्यामुळे पक्कं वेळापत्रक जमणार नाही.

हाच त्रास असलेल्यांनी कृपया सांगा: सोबत कुणी नसताना चालू काम मध्येच थांबवायला आणि नंतर त्याच जागेवरून पुन्हा धरायला तुम्ही नेमकं काय करता, आणि ते काही महिने तरी टिकलं का?