पेट्रोल लॉन मोवर दोन-तीन मिनिटांत बंद पडतो

प्रश्न: फोर-स्ट्रोक मोवर पहिल्या ओढीत सुरू होतो, पण थोड्या वेळाने गचके देत बंद पडतो. दहा मिनिटांनी पुन्हा चालतो. प्लग नवा, एअर फिल्टर साफ आहे.

उत्तर १: आधी टाकीचं झाकण बघा. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. बंद पडताच झाकण सैल करा. लगेच सुरू होऊन चालत राहिला, तर दोष तिथेच.

उत्तर २: झाकण ठीक असेल तर बंद पडल्या क्षणी स्पार्क तपासा, थंड झाल्यावर नाही. खराब होत आलेली इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) अनेकदा तापल्यावरच दगा देते. मात्र सांडलेलं पेट्रोल जवळ नको.

उत्तर ३: चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून चालत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. प्लगची वायर काढा, पेट्रोल कॉक बंद करा, कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाची) वाटी उतरवा. मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं त्या बारीक छिद्रात, जुन्या पेट्रोलचा चिकटा बसतो. कार्ब क्लीनर मारा. तार घालू नका, पितळी छिद्र मोठं होतं. महिन्याहून जुनं पेट्रोल काढून टाका.

उत्तर २: आणि प्लग नवा असला तरी गॅप (ठिणगी पडते त्या टोकांमधलं अंतर) मोजाच. बहुतेक मोवरना साधारण ०.७६ मिमी लागतो.